घरचे मोजमाप आणि दवाखान्यातील नोंद

कोअर बँकिंगमुळे सोलापूरचा खातेदार चंडीगढच्या शाखेतही ओळखला जातो. रुग्णाची ओळख मात्र दवाखान्यागणिक नव्याने करून द्यावी लागते. ही उणीव दूर करण्यासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ क्रमांक १४ अंकी व ऐच्छिक आहे. खातेक्रमांकाशी त्याचे साम्य वरवरचेच होय. कारण येथे नोंदी मध्यवर्ती कोठारात जमा होत नाहीत. त्या जेथे निर्माण झाल्या तेथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीनेच, ठरावीक कारणासाठी व ठरावीक मुदतीपुरत्या, अन्य डॉक्टरांना दिसतात.

गावपातळीवर २०१९ पासून ‘ई-संजीवनी’ आहे. आरोग्य केंद्रातील कर्मचारी दूरच्या डॉक्टरांशी रुग्णाची पडद्यावर भेट घडवितात.

खरी अडचण घराच्या उंबरठ्याशी येते. ब्लूटूथ असलेला रक्तदाबमापक आकडा मोबाइलवर पाठवितो खरा. पण तो पाहणार कोण, केव्हा, आणि आकडा वाढल्यास दूरध्वनी कोणाला करावयाचा? रुग्णालयातून घरी परततानाच हे लेखी घ्यावे. यंत्राच्या किमतीपेक्षा आम्हांस हा कागद अधिक मोलाचा वाटतो. शिवाय दंडास लहान पडणारा पट्टा रक्तदाब वाढीव दाखवितो, आणि तोच वाढीव आकडा क्षणात डॉक्टरांपर्यंत जातो! योग्य मापाचा पट्टा घ्यावा, मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे.

ओटीपीबाबत खात्यासाठी पाळतो तीच दक्षता येथेही हवी. संमतीची विनंती पूर्ण वाचूनच मंजूर करावी; दिलेली संमती नंतर मागेही घेता येते.