टायरवरचे आकडे

बंडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो, ते तुम्ही पाहिले असेल. लोखंडी धाव तो विस्तवात लाल करतो. तापली की ती जरा वाढते. मग ती लाकडी चाकावर बसवून वरून पाणी ओततो. धाव आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. पण हे जमायला धाव मुळात मापाची पाहिजे. लोहार आधी चाकाचा घेर मोजतो, मगच लोखंड कापतो. मोजमाप चुकले तर धाव निघून पडते, नाही तर चाकाचे पुठ्ठे फुटतात.

मोटारीच्या चाकाचेही असेच आहे. फरक एवढाच की मोटारीच्या टायरवर माप छापलेले असते. ते वाचणाऱ्याला सर्व समजते. न वाचणाऱ्याला दुकानदार सांगेल ते खरे मानावे लागते.

आमच्या रात्रीच्या वर्गाला भद्रावतीजवळच्या एका गावचे एक काका येतात. अक्षरे आता त्यांना बरी वाचता येतात. आकडे तर आधीपासूनच येत होते, कारण कापसाचा काटा त्यांनी जन्मभर पाहिला आहे. एके दिवशी ते वहीत काही लिहून घेऊन आले.

"गुरुजी," ते म्हणाले, "माझा पोरगा गाडीची चाकं मोठी करून राहिला. अन् गाडी खाली बसवतो म्हणते. पैसे मी देऊन राहिलो. मंग मले समजाले नको का?"

मुलाने जुनी स्विफ्ट गाडी घेतली होती, २०१८ सालच्या नमुन्याची. त्याला सतराची रिंग टाकायची होती आणि स्प्रिंग कापून गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसायला हवी होती. घरात सून गरोदर होती. पावसाळ्यात तिला तपासणीसाठी चंद्रपूरला याच गाडीतून न्यायचे होते. म्हणून काकांना घोर लागला होता.

वहीत काकांनी गाडीच्या टायरवरून उतरवून आणले होते: १६५/८० आर १४ ८५ टी.

टायरवर हे आकडे व अक्षरे इंग्रजीत असतात, पण ती थोडीच आहेत. आम्ही ते फळ्यावर मोठे लिहिले आणि वर्गाने मिळून उलगडले. तुम्हीही उलगडा.

पहिला आकडा १६५. ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा ८०. हा मिलिमीटर नव्हे, हा शेकडा आहे. टायरची भिंत, म्हणजे रिंगच्या काठापासून जमिनीपर्यंतची रबराची उंची, रुंदीच्या शेकडा ८० आहे. १६५ चे शेकडा ८० म्हणजे १३२ मिलिमीटर. बोटांनी मोजाल तर सुमारे सात बोटे. 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे कसे घातले आहेत ते सांगणारे अक्षर. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली या बांधणीचे पेटंट घेतले. आज मोटारींना बहुतेक हीच टायरे असतात. १४ म्हणजे रिंगचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडा आणि इंच! ही खिचडी कोणी केली कोण जाणे, पण जगभर तीच चालते.

आता पूर्ण चाक किती उंच, ते काढू. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून १३२ ची दुप्पट २६४. एका इंचात २५.४ मिलिमीटर. १४ इंचांचे झाले ३५५.६. दोन्हींची बेरीज ६१९.६. म्हणजे चाक ६२० मिलिमीटर उंच.

हा ६२० चा आकडा धरून ठेवा. सगळी मेख त्यातच आहे. गाडीचा वेग दाखवणारा काटा, गिअर, ब्रेक, मडगार्डातली जागा, हे सर्व कंपनीने या उंचीवर बेतलेले असते. रिंग मोठी करायची तर भिंत तेवढी कमी करावी लागते. मग चाकाची बाहेरची उंची तीच राहते. कमी भिंतीच्या टायरला लो-प्रोफाइल टायर म्हणतात.

कंपनीनेही असेच केले आहे. याच स्विफ्टच्या महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येतो. गणित करा. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे १२०.२५. दुप्पट २४०.५. पंधरा इंचांचे ३८१. बेरीज ६२१.५. रिंग एका इंचाने वाढली, पण चाक जवळजवळ तेवढेच राहिले.

सोळाच्या रिंगला १९५/५५ टायर घेतला तर ६२०.९ येते. सतराच्या रिंगला २०५/४५ घेतला तर ६१६.३. ही दोन्ही गणिते वर्गातल्या एका वहिनींनी आमच्या आधी सोडवली. बाहेरची उंची शंभरात तीनपेक्षा जास्त बदलू देऊ नये, असे या धंद्यातली जाणती माणसे सांगतात. सतराचाही त्यात बसतो.

"मंग पोरगा बरोबरच बोलते म्हना की!" काका म्हणाले.

उंचीपुरते बरोबर. पण भिंत पाहा. जुन्या टायरची भिंत १३२ होती. सतराच्या रिंगवर ती ९२ उरते. सात बोटांची पाच बोटे झाली. त्या दोन बोटांत काय होते? हवा होती.

टायरमधली हवा गाडीचे वजन तोलते आणि खड्ड्याचा दणका खाते. बेलफास्ट गावी डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर केले, ते दणके कमी बसावेत म्हणूनच. भिंत उंच असली की ती खड्ड्यात दबते आणि पुन्हा उठते. भिंत बुटकी असली की दबायला जागा कमी. मग खड्ड्याची कड आणि रिंगची कड यांच्यात रबर चेंगरते. रिंग वाकते, नाही तर भिंतीतले धागे तुटतात. धागे तुटले की भिंतीवर फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही. तो टाकून द्यावा लागतो, कारण तो केव्हा फुटेल याचा नेम नसतो.

बुटकी भिंत वाईटच असते असे मात्र नाही. ती वळणावर कमी लवचते, म्हणून गाडी स्टिअरिंगचे लवकर ऐकते. १९७० च्या दशकात इटलीच्या पिरेली कंपनीने शर्यतीच्या गाड्यांसाठी असे टायर काढले आणि ते नावाजले गेले. रिंग मोठी असली की आत मोठा ब्रेकही मावतो. सपाट सडकेवर, वेगात, याचा फायदा आहे. पण आपली सडक कशी आहे? नागपूर-चंद्रपूर रस्त्याने वरोरा, भद्रावती करत कोळशाचे ट्रक जातात. आतल्या रस्त्यांना काळी माती. आषाढात खड्डा पाण्याने भरला की तो घोट्याएवढा आहे की गुडघ्याएवढा, ते चाक आत गेल्यावरच समजते. ताडोब्याच्या जंगलात फिरणाऱ्या जिप्सी पाहा. त्यांच्या टायरांच्या भिंती चांगल्या उंच असतात.

पुढच्या रविवारी मुलगाही वर्गाला आला. चांगला पोरगा आहे, रागावला नाही. तो म्हणाला, "शहरात एका दुकानात मोठ्या गाडीचे उतरवलेले टायर सोळाच्या रिंगसकट स्वस्तात भेटून राहिले." त्यांचा आकडा त्याने मोबाइलमध्ये आणला होता: २०५/६० आर १६.

आम्ही काही बोललो नाही. खडू काकांच्या हातात दिला. काकांनी फळ्यावर गणित केले. २०५ चे शेकडा ६० म्हणजे १२३. दुप्पट २४६. सोळा इंचांचे ४०६.४. बेरीज ६५२.४. जुन्या चाकापेक्षा ३३ मिलिमीटर जास्त, म्हणजे शंभरात पाचाच्या वर. काटा साठ दाखवील तेव्हा गाडी खरी त्रेसष्टने पळेल. शिवाय हा टायर ४० मिलिमीटरने रुंद. गाडी भरली, चाक पूर्ण वळवले, की टायर मडगार्डाला घासणार. त्यात स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली तर उरलीसुरली जागाही गेली.

गाडी बसवण्याचा हिशेब निराळा करावा लागतो. या स्विफ्टचे पोट जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंच, कंपनीच्या कागदाप्रमाणे. मुलाला ४० ने खाली हवी होती. उरले १२३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाने गतिरोधक १०० मिलिमीटर उंच असावा. मधे उरले २३, म्हणजे एका बोटाहून थोडे जास्त. गाडीत पाच माणसे बसली की स्प्रिंग आणखी दबतात. आणि आपल्या गावातले गतिरोधक नियमाने बांधलेले असतात काय? गावकरी रात्रीतून मातीचा बांध घालतात, तो मोजतो कोण!

कापलेल्या स्प्रिंगचे आणखी एक भय आहे. चाक खड्ड्यात लोंबकळले की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सरकू शकते. चाकांचा कोनही बदलतो, मग टायर आतल्या बाजूने लवकर झिजतात.

राहिला शेवटचा आकडा आणि अक्षर. ८५ म्हणजे ८५ किलो नव्हे, येथे पुष्कळ जण फसतात. तो भाराचा क्रमांक आहे. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो. ८४ म्हणजे ५००, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. सतराचा २०५/४५ टायर बाजारात ८४ चाही मिळतो आणि ८८ चाही. जुन्यापेक्षा कमी क्रमांकाचा घेऊ नये. 'टी' हे वेगाचे अक्षर, तासाला १९० किलोमीटरपर्यंत. 'एच' म्हणजे २१०. तेवढी गाडी पळवायची नसते, पण कमी अक्षराचाही टायर घेऊ नये.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पाटीवर लिहिलेले असते. ती पाटी कंपनीच्या मापाच्या टायरसाठी आहे. हवा सकाळी, गाडी चालण्याआधी मोजावी. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. हवा कमी, ओझे जास्त आणि तापलेली सडक, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की टायर फुटतो.

रिंग घेतानाही नुसते इंच पाहून भागत नाही. स्विफ्टच्या चाकाला चार नट असतात आणि त्यांची भोके १०० मिलिमीटरच्या गोलावर असतात. दुसऱ्या गाडीची रिंग दिसायला तशीच असली तरी भोके जुळतीलच असे नाही. टायरच्या रुंदीला रिंगची रुंदीही जुळावी लागते.

कायद्याचेही थोडे सांगू. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. कंपनीने त्या गाडीला ज्या मापाचे टायर दिले आहेत तेवढ्यात राहिले तर काळजी नाही. त्यापलीकडे जायचे असेल तर आधी चंद्रपूरच्या आरटीओ कचेरीत आणि विमा कंपनीत विचारावे, तेही लेखी. अपघात झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

बापलेकांची पुष्कळ बोलणी झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, चौदाची रिंग लहान दिसते, लोक हसतात." काका म्हणाले, "हसू दे ना बाप्पा. पण तुले पाहिजेच असन तं पंधराची घे. कंपनीनंच देल्ली हाये." स्प्रिंगला हात लावायचा नाही, असे ठरले. मुलगा थोडा खट्टू झाला, पण पंधराची रिंग आणि १८५/६५ टायर घ्यायला कबूल झाला.

दोघे मिळून टायर आणायला गेले. मुलगा भाव करत होता. काका एका टायरजवळ उकिडवे बसले आणि भिंत वाचू लागले. आम्ही त्यांना एक गोष्ट वर्गात सांगितली होती. भिंतीवर डी, ओ, टी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. २३१९ लिहिले असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हे चार आकडे काही टायरांवर एकाच बाजूला असतात. इकडे दिसले नाहीत तर टायर उलटून पाहावा.

काकांनी चारही टायर उलटवले. तीन टायर त्याच वर्षीचे होते. चौथा सहा वर्षांचा निघाला. तोही नवाच दिसत होता, चकचकीत पुसलेला. पण न वापरताही रबर जुने होते, कडक होते.

"हा बदलून द्या जी," काका म्हणाले.

"नवाच आहे काका," दुकानदार म्हणाला.

काकांनी त्या चार आकड्यांवर बोट ठेवले आणि साल मोठ्याने वाचून दाखवले. दुकानदाराने मुलाकडे पाहिले, मग काही न बोलता तो आत गेला आणि दुसरा टायर घेऊन आला. काकांनी तोही उलटवून पाहिला.