चपला कुठे काढायच्या?

संक्रांतीच्या दिवसांत वाशीतल्या सोसायटीत कुणाकडे हळदीकुंकू आहे हे विचारावं लागत नाही. मजल्यावर पोचलं की चपलांचा सडाच पत्ता सांगतो. खरी गंमत दारात सुरू होते. एक जण सँडलचा पट्टा सोडवायला वाकलेली, तिच्यामागे दुसरी एका हातात वाण आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून उभी, आतून तिसरी ओटी भरून निघालेली. तिघी ज्या पट्ट्यात अडकलेल्या असतात त्याची रुंदी तीन, फार तर साडेतीन फूट. भिंतीवर हात टेकलेला असतो तिथे नेमकी नाजूक फ्रेम टांगलेली असते.

सेक्टर दहामधल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी हे दृश्य दरवर्षी दिसतं. मुलाचं लग्न ठरल्यावर त्यांनी पॅसेजचं काम काढलं. पैसे खर्च झाले, घर दोन महिने धुळीत राहिलं, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर निम्मं काम उखडावं लागलं. आता बिल्डिंगमध्ये कुणाकडे सुतार आला की बाईंना बोलावणं येतं. त्या टेप घेऊनच जातात. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: पॅसेजमध्ये काय ठेवायचं याची यादी मागाहून करा, आधी पॅसेजमधून काय काय जातं त्याची करा.

ही यादी ऐकायला साधी वाटते, पण ती केली की बरीच हौस जागच्या जागी विरते. फ्रिज जातो, कपाट जातं, गॅसचा सिलिंडर रोज नाही पण जातोच. भाद्रपदात गणपती येतो: मूर्ती पाटावर, पाट दोघांच्या हातात, पुढे औक्षणाचं ताट. बाईंकडे नव्या पॅसेजमधून पहिल्याच वर्षी मूर्ती आडवी होऊन, खांदे चोरत आत आली. कारण हिशेबात होतं. भिंत ते भिंत छत्तीस इंच, त्यातले चौदा इंच चपलांच्या कपाटाने खाल्ले. उरले बावीस. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर साधारण दोन फुटांचं असतं. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर हा आकडा सुतारापेक्षा आपण लक्षात ठेवायचा असतो, कारण सुताराला ते विचारण्याचं काही कारण नाही.

पूर्वी ही अडचण नव्हती, कारण आत येणं हे एका दारात संपत नसे. कोकणातल्या घरात आधी खळं, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. कोण कुठपर्यंत येणार हे न बोलता ठरलेलं. पाय धुवायला बाहेर पाणी, चपला पायरीशी, टेकायला ओटी. त्यातल्या रीतीभाती, विशेषतः जातीच्या, आज कुणाला परत नको आहेत आणि नसाव्यातच. पण जागेची सोय म्हणून ती रचना हुशारीची होती. फ्लॅटने हे चारही टप्पे दाबून एका पट्ट्यात बसवले आणि त्याला पॅसेज असं नाव दिलं.

नवी मुंबई आखणाऱ्यांना दारापुढच्या जागेचं मोल कळलं नव्हतं असं मात्र नाही. खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि कोरिया काही वर्षं या नव्या शहराचे मुख्य वास्तुरचनाकार होते. पुढे १९८५ च्या ‘द न्यू लँडस्केप’ या पुस्तकात त्यांनी माणसाला राहायला लागणाऱ्या जागेचे चार थर सांगितले: घरातली खासगी जागा, दारापुढची जागा, वस्तीची जागा आणि साऱ्या शहराची मोकळी जागा. दुसरा थर म्हणजे मुलं खेळतात, शेजारीण थांबून दोन शब्द बोलते ती. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये अंगणाभोवती घरं बसवून त्यांनी ते करूनही दाखवलं. वाशीच्या उंच इमारतींत हा दुसरा थर लिफ्टसमोरच्या चार लाद्यांवर आला, आणि तिथेही आपण शू रॅक ठेवून मोकळे झालो.

त्या बाहेरच्या शू रॅकचं काय करायचं? बाई यावर कडक आहेत आणि कायदाही त्यांच्या बाजूचा आहे. जिना आणि मजल्यावरची मोकळी जागा सोसायटीची असते, सभासदाची नसते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत अशी सामायिक जागा अडवणाऱ्याकडून मासिक देखभाल खर्चाच्या पाचपट रक्कम वसूल करण्याची तरतूद आहे. दंडाची भीती कुणाला फारशी नसते, कारण सगळ्याच मजल्यांवर तेच चालू असतं. आगीची असायला हवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऐन दिवाळीच्या रात्री वाशीच्या सेक्टर १४ मधल्या एका इमारतीत वरच्या मजल्यांवर आग लागली आणि चौघांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचा चपलांच्या कपाटाशी संबंध जोडायचं कारण नाही. पण धुराने भरलेल्या मजल्यावर माणूस जिना हाताने चाचपत शोधतो, आणि तेव्हा लाकडी रॅक, सायकल, तुळशीची कुंडी पायात येते, एवढं समजायला अग्निशमन दलाच्या व्याख्यानाची गरज नाही.

म्हणजे चपला आतच आणायच्या. आणि इथे प्रश्न लांबीचा आहे. मोठ्या माणसाचा बूट बारा इंचांच्या आसपास असतो, त्यामुळे आडव्या फळ्यांचा नेहमीचा रॅक चौदा इंच खोल करावाच लागतो. जागा अरुंद असेल तर चपला उभ्या ठेवायच्या. पुढे कलंडून उघडणारं, भिंतीला ठोकलेलं कपाट सात ते अकरा इंच खोलीत बसतं. डिसेंबर २०२० मध्ये तुर्भ्याला आयकियाचं दुकान उघडल्यापासून वाशीकरांना ते प्रत्यक्ष पाहायला मिळतं. विकत घ्यायलाच हवं असं नाही. नवी मुंबईतला कुठलाही बरा सुतार ते पाहून बनवून देतो. कपाट जमिनीपासून सहा इंच वर ठेवावं, म्हणजे रोजच्या चपला खाली सरकतात, झाडू फिरतो आणि फरशी पुसताना पाणी प्लायला लागत नाही.

प्लायचा विषय निघाला की बाईंचा आवाज चढतो. वाशी खाडीकाठी आहे. जून ते सप्टेंबर इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि ओल्या छत्र्या, रेनकोट, बूट हे सगळं आधी पॅसेजमध्येच निथळतं. त्यांच्या कपाटाला साधा एमआर प्लाय वापरला होता. वरून सनमायका देखणा, आत मात्र फळीच्या कडा फुगलेल्या. चार महिने ओल झेलणाऱ्या जागेला उकळत्या पाण्यातही न सुटणारा, आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय लावायचा आणि शिक्का फळी कापण्याआधी स्वतः पाहायचा. एमडीएफ तर इथे नकोच. दारांना झरोके ठेवायचे. सुतार विचारतो, ताई, झरोक्यातून धूळ जाईल ना? जाईल. धूळ पुसता येते. बंद कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर ऑगस्टमध्ये चढणारी हिरवी बुरशी पुसून जात नाही, नुसती परतून येते.

सगळ्यात महाग पडली ती भिंत. हल्ली पॅसेजच्या भिंतीवर उभ्या पट्ट्यांचं लाकडी पॅनल लावायची टूम आहे. फोटोत ते छान दिसतं, आणि खोटं कशाला, प्रत्यक्षातही दिसतं. पण टू बीएचकेत पॅसेजची एक भिंत बहुतेक वेळा बाथरूमची असते. जुन्या बांधकामात त्या भिंतीत पाण्याचे पाइप, बाहेर डक्ट, आणि कधी ना कधी ओल. उघड्या भिंतीवर ओलीचा डाग पहिल्या आठवड्यात दिसतो. पॅनलमागची ओल दिसत नाही. बाईंकडे ती कळली तेव्हा खालच्या पट्टीला बोट लावताच ती पापुद्र्यासारखी दबली. आत वाळवीने बोगदे केलेले होते, वरचा कागद तेवढा शाबूत. म्हणून बाथरूमच्या भिंतीला रंगापलीकडे काही लावायचं नाही. वॉलपेपरही नाही. पॅनलची हौस असेलच तर ती समोरच्या, कोरड्या, बेडरूमच्या भिंतीवर भागवावी.

आणखी एक गोष्ट त्या पॅनलमागे गेली होती: एमसीबीची पेटी. दारावरची ती करडी पेटी कुणाला सुंदर वाटत नाही, म्हणून डिझाइनरने तिच्यावर झाकण घातलं आणि झाकणाला मूठ दिली नाही, कारण मूठ दिसते. एका रात्री गीझरमुळे स्विच पडला. अंधारात स्टुलावर चढून झाकणाची फट नखाने शोधायची वेळ आली. पेटी झाकायला हरकत नाही. झाकण एका हाताने, दिव्याशिवाय, घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाला उघडता आलं पाहिजे.

दिव्यांबद्दल बाईंचं मत बहुतेक डिझाइनरांना पटणार नाही. फॉल्स सीलिंगमध्ये ओळीने सहा दिवे लावण्यापेक्षा दोन पुरतात: एक आरशापाशी, चेहऱ्याच्या उंचीवर, आणि एक जमिनीलगत, रात्री पाय कुठे पडतो ते दाखवणारा. रंग पिवळसर, तीन हजार केल्व्हिनच्या आसपासचा. पांढऱ्याफेक उजेडात दारात आलेला पाहुणा आजारी दिसतो. पुढच्या टोकाला आणि बेडरूमकडच्या टोकाला असे दोन्हीकडून चालणारे स्विच वायरिंगच्या वेळीच करून घ्यावेत, नंतर भिंत फोडायला कुणी तयार होत नाही. आरसा मुख्य दारासमोर लावू नये असं वास्तुशास्त्रवाले सांगतात. त्यावर वाद न घालता तो बाजूच्या भिंतीवर लावला की सासूबाईही खूश आणि पॅसेजही रुंद दिसतो.

फरशीचं मात्र मतभेदाचं काम नाही. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, तिच्यावर छत्रीचं पाणी, कडेला रांगोळीची पूड आणि मागे रबर नसलेलं पायपुसणं हा माणूस पाडायचा पक्का बेत आहे. बाईंचे यजमान पडले, नशिबाने मनगटावर निभावलं. दाराच्या आतल्या पहिल्या चार फुटांत खरबरीत टाइल किंवा जुना कोटा असावा. छत्रीसाठी तळाला ताटली असलेला स्टँड. आणि एक बसायची जागा, सतरा-अठरा इंच उंचीची, अगदी भिंतीला दुमडणारी फळी चालेल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उभ्याने सँडलचा पट्टा लावायला सांगणं हे काही आदरातिथ्य नव्हे. या एका फळीचं जेवढं कौतुक झालं तेवढं उखडलेल्या पॅनलचं कधीच झालं नव्हतं.

सजावटीला मग उरतं काय? पुष्कळ उरतं, फक्त ते खांद्याच्या वर असावं. दाराला तोरण, आत एक नजरेत भरणारी चांगली गोष्ट. वारलीच्या छापील फ्रेमा हल्ली सगळीकडे मिळतात. पण जिव्या सोमा म्हसे यांनी कागद-कापडावर नेऊन जगभर पोचवलेली ही कला मुळात लग्नघराच्या आतल्या भिंतीवर, सुवासिनींच्या हातून, चौक लिहिण्याची आहे. २०११ मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली. बेलापूरला सिडकोच्या अर्बन हाटमध्ये कारागिरांची प्रदर्शनं भरतात. तिथून हाताने काढलेलं एकच चित्र आणावं, छापील चार आणू नयेत. सावंतवाडीच्या लाकडी कामातलं किल्ल्या अडकवायचं काही मिळालं तर उत्तम. किल्ल्यांची जागा ठरलेली असली की सकाळची निम्मी धावपळ वाचते.

कामाचा मुहूर्त हाही विचार करण्यासारखा भाग आहे. पावसाळ्यात पॉलिश वाळत नाही, भिंतीत ओल असताना रंग धरत नाही, आणि गणपतीच्या आधी घाईने उरकलेलं काम दिवाळीपर्यंत सुटायला लागतं. दसरा-दिवाळीला रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर भाव सांगतात. डिसेंबर ते मार्च हे बरे महिने. पण मार्चमध्ये बिल्डिंगमध्ये दहावी-बारावीची पोरं असतात, तेव्हा ड्रिलिंग त्याआधी उरकावं. सोसायटीचं परवानगीपत्र आणि डेब्रिज कुठे टाकायचं हे आधी ठरवून ठेवावं. आणि ओलीची भिंत कोणती हे मात्र ऑगस्टमध्येच, भर पावसात, हात लावून पाहून पेन्सिलीने खूण करून ठेवावी, कारण जानेवारीत सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात.