आधी दुखणं, मग दूध

म्हातारी मांजर वाटीपर्यंत येते, वास घेते, एकदोनदा जीभ लावते आणि मान झटकून मागे सरते. घरात लगेच कुणीतरी म्हणतं, "नखरे वाढलेत हिचे." मध्य प्रदेशातल्या आमच्या शाहपुरात त्यावरचा उपायही ठरलेला असतो: दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल. मांजरावर हा उपाय करू नका. भूक असूनही ती वाटीपाशी येऊन परत फिरत असेल, तर बहुधा तिचं तोंड दुखतंय. त्यातच दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर यकृतात चरबी साठून दुसरंच जीवघेणं दुखणं मागे लागू शकतं.

आमची ठमी 14 वर्षांची. सासूबाईंनी केळीच्या बागेतल्या मोटारीच्या खोलीतून आणलेलं पिल्लू. आजार आधी दिसला तो लाळेतून. खालच्या ओठाला तपकिरी तार लोंबायची, तोंडाला घाण वास यायचा. पुढचे पंजे चिकट, मळके दिसू लागले, कारण अंग चाटणंच तिनं सोडलं होतं. मग घास एका बाजूनं गळू लागला. शेवटी उजव्या जबड्याला हाडासारखी टणक फुगी हाताला लागली.

अशी फुगी दिसली की सगळ्यांना आधी दाताचं गळू आठवतं, आणि ते असूही शकतं. पण मांजराच्या तोंडात सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, सुरुवातीला थेट तसाच दिसतो. साधारण दहा वर्षांपुढच्या मांजरांना तो होतो, जबड्याचं हाड आतून पोखरतो, दात हलू लागतात. फसगत होते ती अशी की अँटिबायोटिकनं वरवरचा जंतुसंसर्ग कमी होतो, चार दिवस बरं वाटतं आणि घरचे निर्धास्त होतात. औषधाचा कोर्स संपल्यावरही फुगी तशीच असेल, तर एक्स-रे आणि गाठीचा तुकडा काढून तपासणी, या दोन गोष्टी डॉक्टरांकडे स्वतःहून मागा.

आपल्याकडचे सरकारी पशुदवाखाने मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी. म्हणून आधी 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करावा. मध्य प्रदेशात 2023 पासून या नंबरवर फिरता पशुदवाखाना बोलावता येतो. पुढच्या तपासण्यांसाठी आमच्या भागातून दोन वाटा. एक असीरगड, सनावद, बडवाहवरून महूला, जिथं 1955 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरी इच्छापूरवरून भुसावळ-जळगावकडे. जायच्या आधी फोन करून "मांजराचं तोंड भूल देऊन तपासता का?" असं स्पष्ट विचारा. मांजर नेण्यासाठी महागडी पेटी लागत नाही. केळीचं प्लास्टिकचं कॅरेट, त्यावर दुसरं उलटं, दोन्ही सुतळीनं बांधलेली आणि आत जुनं लुगडं, एवढ्यात काम भागतं. उन्हाळ्यात मात्र पहाटेच निघा.

गाठ लहान आणि जबड्याच्या पुढच्या भागात असेल, तर तेवढा जबडा कापून काढता येतो. पण कुत्र्याइतकं हे मांजराला झेपत नाही, बऱ्याचदा नंतर नळीनं भरवावं लागतं. ऑपरेशन होण्यासारखं नसेल, तर बहुतेक मांजरांना दोन-तीन महिने मिळतात; वर्ष काढणारी दहात एखादीसुद्धा नाही. ठमीची गाठ पार मागे पोचली होती. आम्ही ऑपरेशन केलं नाही आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

खरा धोका पुढेच आहे, घरातल्या गोळ्यांच्या डब्यात. ठमीचं कण्हणं ऐकून माझे दीर पॅरासिटामॉलचा पाव तुकडा दुधात विरघळवायला निघाले होते. त्याच वेळी डॉक्टरांचा फोन आला म्हणून थांबले. मांजराच्या यकृताला ही गोळी पचवता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, आणि एकच गोळी जीव घ्यायला पुरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही तसेच घातक. (गिधाडं मरू लागली म्हणून 2006 साली भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, माणसांचं मात्र अजून कुठल्याही मेडिकलवर मिळतं.) दाढदुखीवरचं लवंगेचं तेल मांजराला विषारी आहे. फुगीवर हळद-चुन्याचा लेप लावाल, तर ती तो चाटणार आणि चुन्यानं तोंड आतून भाजणार.

मांजरासाठी वेदनाशामक औषधं आहेत: मेलोक्सिकॅम, गॅबापेंटिन, ब्युप्रेनॉर्फिन. यातलं कुठलं आणि किती, हे डॉक्टर वजन आणि मूत्रपिंडाची तपासणी पाहून ठरवतात, कारण म्हाताऱ्या मांजराचं मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं. वजन आम्ही किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करायचो, पिशवीत घालून. दुकानदार हसायचा, पण आकडा अचूक सांगायचा.

सासूबाईंचा जीव तुटायचा. चमच्यानं दूध कोंबायला बसायच्या. "अगं, पोटात काही गेलं नाही तर जगेल कशी ती?" आपल्याकडे माया मोजायची ती खाऊ घालण्यावरूनच. डॉक्टरांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "आजी, आधी दुखणं थांबवू, मग दूध." जबड्यात गाठ असलेल्या मांजराला जबरदस्तीनं भरवलं की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि तिच्या मनात खाणं आणि वेदना यांची गाठ कायमची बसते. औषध लागू पडलं त्या दिवशी ठमीनं आपणहून ताटलीला तोंड लावलं.

ताटली उथळ हवी. खोल वाटीचा काठ जबड्याला लागतो. मांजर मुळात मांसाहारी, दूध-भाकरीवर तिचं भागत नाही. आमच्या घरात अंडंही येत नाही, म्हणून शेजारच्या वहिनी कोंबडीचे तुकडे उकडून, मिक्सरमधून पातळ करून आणून द्यायच्या. त्यात मीठ, मसाला काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्यानं मांजराचं रक्त कमी होतं. वाढताना कोमट करा. कोमट अन्नाचा वास सुटतो आणि वासावरच तिची भूक चाळवते. खाणं झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं हनुवटी टिपून घ्यायची, घासायची नाही.

थांबायचं कधी? अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी 2004 साली यासाठी एक मोजपट्टी मांडली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज 35 च्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे. आम्ही कालनिर्णयवर रोज फुली नाहीतर टिक करायचो. फुल्यांची रांग लागली की वाद उरत नाही.

शांतपणे मरण देणाऱ्या इंजेक्शनचा विषय निघाला तेव्हा शेजारच्या काकूंनी कानावर हात ठेवले. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून दान द्यावी लागते, ही धास्ती इथं अजून आहे. भगवतीचरण वर्मांची 'प्रायश्चित्त' ही हिंदी कथा याच धास्तीची थट्टा उडवते. मला विचाराल तर उपाशी, रक्ताळलेल्या तोंडानं कोपऱ्यात तडफडू देणं हेच पाप. इंजेक्शनच्या वेळी आधी झोपेचं औषध देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. तिला कळतही नाही. पण आमच्यासारख्या गावात रात्री-अपरात्री डॉक्टर मिळत नाहीत, म्हणून हे बोलणं ती खात असतानाच करून ठेवा. पुरण्यासाठी खड्डा कमरेइतका खोल घ्या, विहिरीपासून लांब. त्या औषधाचा अंश देहात राहतो आणि उकरून खाणारं कुत्रंही त्यानं मरू शकतं.

आणि घरात दहा वर्षांपुढची मांजर असेल, तर महिन्यातून एकदा ती मांडीवर पेंगत असताना तिचा ओठ वर करून दोन्हीकडचे दात पाहा, जबड्यावरून बोट फिरवा, आणि तिनं जांभई दिली की जिभेखाली नजर टाका.