राजाच्या निधनाची वार्ता

राजाचे निधन ही त्याच्या घरची दुःखद घटना असते, तशीच ती साऱ्या राज्याचीही असते. घरातील दुःख चार भिंतींत राहते; परंतु राजाच्या निधनाची वार्ता गावोगावी, घरोघरी पोहोचवावी लागते. ती कोणी सांगावी, केव्हा सांगावी आणि कोणत्या शब्दांत सांगावी, हा प्रश्न फार जुना आहे. वार्ता नेणारी साधने काळाबरोबर पालटत गेली. पूर्वी दवंडी होती, मग तार आली, वृत्तपत्रे आली, नभोवाणी आली, आणि शेवटी घराघरांत चित्रे दाखविणारी दूरचित्रवाणी आली. साधने पालटली, पण वार्ता सांगणाऱ्याची जबाबदारी मात्र पालटली नाही. कोल्हापूरच्या इतिहासात या गोष्टीचा चांगला प्रत्यय येतो.

सन १८७० मध्ये कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडच्या प्रवासास गेले होते. नवे जग पाहावे, तेथील विद्या व कारभार समजून घ्यावा, अशी त्यांची उत्कंठा होती. प्रवासात ते नियमाने दैनंदिनी लिहीत. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स नगरात ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू रीतीप्रमाणे अग्निसंस्कार करण्यात आला. तेथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे, आणि जवळच्या पुलाला तेथील लोक ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

आपला राजा परमुलुखात गेला, हे पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या प्रजेने पाहिले नव्हते. कोल्हापुरास तेव्हा आगगाडीही आलेली नव्हती. ती आली १८९१ मध्ये. त्याच १८७० साली मुंबई आणि इंग्लंड समुद्रातून टाकलेल्या तारेने जोडली गेली होती. तारेत प्रत्येक शब्दाचे मोल द्यावे लागे; म्हणून तिच्यात घटना तेवढी सांगितलेली असे. राजा कसा आजारी पडला, शेवटी जवळ कोण होते, संस्कार कसे झाले, असा सविस्तर मजकूर पत्रांतून, आगबोटीने, मागाहून येई. वार्ता आधी आणि वृत्तांत नंतर, असा तो काळ होता.

यानंतर बावन्न वर्षांनी कोल्हापुरावर याहूनही मोठा आघात झाला. शनिवार, ६ मे १९२२ रोजी पहाटेच्या सुमारास, मुंबईत खेतवाडीतील ‘पन्हाळा लॉज’ या वास्तूत राजर्षी शाहू छत्रपतींचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही त्यांना पुरी झाली नव्हती. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली होती. त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. असा राजा अकाली गेला.

त्या वेळी हिंदुस्थानात नभोवाणी नव्हती. मुंबईचे पहिले नभोवाणी केंद्र सुरू झाले ते १९२७ मध्ये. तेव्हा १९२२ साली तार आणि वृत्तपत्र हीच वार्तेची वेगवान वाहने होती. तारेने आलेला मजकूर छापखान्यात जाई, खिळे जुळविले जात, अंक छापला जाई आणि मगच वाचकाच्या हाती पडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या सुमारास विद्याभ्यासासाठी परदेशी होते. महाराजांच्या निधनाची वार्ता कळताच त्यांनी त्याच महिन्यात लंडनहून नव्या छत्रपतींना सांत्वनाचे पत्र लिहिले. आपला एक जिवलग स्नेही गेला आणि अस्पृश्य समाजाने आपला थोर कैवारी गमावला, असा त्याचा आशय होता. ज्या वार्तेला पूर्वी महिने लागत, ती आता काही दिवसांत सातासमुद्रापलीकडे जाऊन तिचे उत्तरही येऊ लागले होते.

पुढे देश स्वतंत्र झाला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १९५९ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि मुंबईस तिचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. तोवर येथील संस्थानिकांची राज्ये इतिहासजमा झाली होती. म्हणून दूरचित्रवाणी राजाच्या निधनाची वार्ता कशी देते, हे पाहण्यासाठी राजपद जेथे टिकून आहे अशा देशाकडे, म्हणजे इंग्लंडकडे, वळावे लागते.

६ फेब्रुवारी १९५२ रोजी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज झोपेतच मरण पावले. सकाळी सव्वाअकरा वाजता बी. बी. सी. या नभोवाणी संस्थेने ती वार्ता प्रसारित केली आणि बातम्या व हवामान यांसारखी आवश्यक निवेदने वगळून बाकीचे कार्यक्रम बंद ठेवले. राजांची कन्या एलिझाबेथ तेव्हा आफ्रिकेत केनिया देशात होती. लंडनहून निघालेला अधिकृत निरोप तिला वेळेवर मिळाला नाही. तिच्या सेवकवर्गाला ही वार्ता प्रथम एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीकडून समजली. पित्याच्या निधनाची वार्ता जगाला कळून गेली आणि लेकीला ती मागाहून कळली! वेगवान साधनांमुळे असाही प्रसंग ओढवू शकतो.

हीच राजकन्या पुढे सत्तर वर्षे राणी म्हणून राहिली. ८ सप्टेंबर २०२२ रोजी स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथे तिचे निधन झाले. त्या दिवशी भारतात सायंकाळचे पाच वाजले असता राजवाड्यातून निवेदन निघाले, की राणीच्या प्रकृतीविषयी वैद्यांना काळजी वाटते. त्याबरोबर बी. बी. सी.ने आपल्या मुख्य वाहिनीवरील नेहमीचे कार्यक्रम थांबविले. वृत्तनिवेदक काळा पोशाख करून आसनावर बसला. तासांमागून तास गेले. राजवाड्याच्या फाटकाची, गर्दीची, पावसाची चित्रे दिसत होती. परंतु निधनाचा शब्द कोणी उच्चारला नाही. राणीचा प्राण आपल्याकडील घड्याळाप्रमाणे सात वाजून चाळीस मिनिटांनी गेला होता. राजवाड्याने ते जाहीर केले रात्री अकरा वाजता. आणि मगच निवेदकाने ती वार्ता संथ, गंभीर स्वरात वाचून दाखविली. त्यानंतर राष्ट्रगीताचे सूर वाजले.

या संयमामागे दीर्घ पूर्वतयारी असते. थोर व्यक्तींची जीवनचरित्रे वृत्तसंस्था कित्येक वर्षे आधीच तयार करून ठेवतात. कोणते चित्र प्रथम दाखवावयाचे, कोणते शब्द वापरावयाचे, निवेदकाने कोणता पोशाख करावयाचा, हे सारे ठरलेले असते. त्याची रंगीत तालीमही होते. जिवंत माणसाच्या मृत्यूची तयारी करणे प्रथमदर्शनी निष्ठुरपणाचे वाटते. परंतु घाईत लिहिलेल्या मजकुरात चुका राहतात, आणि अशा प्रसंगी झालेली चूक शोकाकुल माणसांच्या जिव्हारी लागते. म्हणून ही तयारी करावी लागते.

तयारी असूनही सत्याची खातरजमा झाली नाही तर काय घडते, हे भारताने एकदा अनुभवले आहे. मार्च १९७९ मध्ये लोकनायक जयप्रकाश नारायण मुंबईत रुग्णशय्येवर होते. त्यांचे निधन झाल्याची वार्ता दिल्लीस गेली. पंतप्रधानांनी ती लोकसभेत सांगितली, सभासदांनी श्रद्धांजली वाहिली आणि आकाशवाणीने ती देशभर पोहोचविली. वस्तुतः जयप्रकाशजी जिवंत होते! त्यांचे निधन झाले ते ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक काळानंतर. ज्याला आपण श्रद्धांजली वाहिली तो मनुष्य अजून श्वास घेत आहे, हे कळल्यावर सभासदांना काय वाटले असेल? एक घटका थांबण्याने वार्ता शिळी होत नाही. परंतु खोटी वार्ता एकदा तोंडातून गेली, की ती परत घेता येत नाही.

दूरचित्रवाणीपुढे आणखी एक अवघड प्रश्न असतो. तारेजवळ शब्द थोडे होते. दूरचित्रवाणीजवळ वेळ अमाप असतो. राणीच्या निधनानंतर तिचा अंत्यविधी झाला तो १९ सप्टेंबर २०२२ रोजी. तोवरचे दिवस त्याच वार्तेने भरून गेले होते. सांगण्यासारखे नवे नसले तरी पडदा कोरा ठेवता येत नाही. मग तीच चित्रे आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. कधी रडणाऱ्या माणसाच्या तोंडाजवळ ध्वनिग्राहक नेला जातो. अशा वेळी कोठे बोलावे आणि कोठे मौन पाळावे, याचा विवेक निवेदकाजवळ असावा लागतो. दुसऱ्याचे दुःख दाखविताना त्या दुःखाची अप्रतिष्ठा होणार नाही, याची काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.

मौनाचे सामर्थ्य कोल्हापूरकरांनी त्याच वर्षी दाखवून दिले होते. ६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या निधनास शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. रस्त्यावरील वाहने जागच्या जागी थांबली. माणसे होती तेथे उभी राहिली. दूरचित्रवाणीवरून ते दृश्य दूरवरच्या लोकांनीही पाहिले. महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेले कोणी त्या गर्दीत नव्हते म्हटले तरी चालेल. पण त्यांनी काढलेल्या वसतिगृहांत शिकलेल्यांची नातवंडे-पतवंडे तेथे होती, आणि राधानगरीच्या पाण्यावर ज्यांचे ऊस वाढले ते शेतकरीही होते.

राजा गेला, हे सांगावयास एक तार पुरते. राजा कसा होता, हे सांगण्याचे काम मात्र तारेचे नव्हे, नभोवाणीचे नव्हे आणि दूरचित्रवाणीचेही नव्हे. ते काम त्याच्या प्रजेच्या स्मरणाकडे असते.

शब्दार्थ

देहावसान – मृत्यू. वृत्तांत – घडलेल्या गोष्टीची सविस्तर हकीकत. कैवारी – बाजू घेणारा, रक्षणकर्ता. खातरजमा – खात्री. जिव्हारी लागणे – मनाला फार झोंबणे. अप्रतिष्ठा – अपमान. स्तब्ध – निश्चल, शांत.

अभ्यास

१. ‘वार्ता आधी आणि वृत्तांत नंतर’ असे १८७० च्या काळाविषयी का म्हटले आहे?
२. १८७०, १९२२, १९५२ आणि २०२२ या वर्षी निधनाची वार्ता पोहोचविण्याची कोणती साधने होती, ते क्रमाने लिहा.
३. ८ सप्टेंबर २०२२ रोजी वृत्तनिवेदकाने निधनाचा शब्द उच्चारण्यास इतका वेळ का लावला?
४. जयप्रकाश नारायण यांच्याविषयीच्या प्रसंगावरून वार्ता सांगणाऱ्याने कोणता बोध घ्यावा?
५. पुढील शब्द वाक्यांत योजा : संयम, विवेक, आघात, उत्कंठा.
६. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा : एखाद्या थोर व्यक्तीच्या निधनाची वार्ता त्यांना कशी व कोठे कळली? त्यांनी सांगितलेली हकीकत दहा ओळींत लिहा.