वर्गासाठी वाचनपाठ ऑनलाइन कसे शोधाल?

शिक्षक मित्रांनो, चौथीतली सगळी मुलं एकाच पातळीवर वाचत नाहीत. जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाला लांबलचक धडा दिला की ते गप्प बसतं. त्याला झेपेल असा मजकूर शोधणं हे आपलंच काम.

१) गोष्टी : प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर आधी मराठी भाषा निवडा, मग वाचनस्तर. स्तर १ मध्ये मोजके शब्द, तर स्तर ४ मध्ये मोठे परिच्छेद असतात. गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. लेखक, चित्रकार यांची नावं आणि परवान्याचा उल्लेख ठेवून छापून वाटता येतात.

२) मासिक : बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचायला मिळतात.

३) माहिती : मराठी विश्वकोशातली भाषा मुलांना जड जाते. नोंद आधी स्वतः वाचा आणि चार-पाच सोप्या वाक्यांत लिहून द्या.

शोधताना ‘पाणी’ असा मोघम शब्द टाकू नका. ‘विहीर’, ‘दुष्काळ’ टाका. काही सापडलं नाही तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा.

मजकूर झेपेल का, हे कसं ओळखायचं? मुलाला एक पान मोठ्याने वाचायला सांगा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर खालचा स्तर घ्या.

शाळेत नेट नसेल तर घरूनच पीडीएफ उतरवून न्या. सुरुवात एकाच मुलापासून करा. या आठवड्यात त्याच्यासाठी एक गोष्ट शोधाल ना?