साडेतीन फॅट आणि एक ‘इफ’

आमच्या नरसिंहपुरात, नीरा-भीमेच्या संगमावर, कितीतरी घरांचा किराणा दुधाच्या पगारावर भरतो. म्हणून हे लिहिते आहे.

गायीच्या दुधाला पूर्ण दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) पासून. 2024 साली सरकारी अनुदानही हीच प्रत धरून होतं. तरी आमचं दूध नेमकं 3.5 लागलं की पावतीवर खालचा दर. दूध संकलन केंद्राचे चालक म्हणायचे, “ताई, मशीन कशाला खोटं सांगेल?” सॉफ्टवेअरवाल्याने तर फोनवर आईला सुनावलं, “शिकलेल्या पोरींना सगळ्यात खोट दिसते.” ते अजून डाचतं.

मग पावत्या तारखेऐवजी फॅटप्रमाणे लावल्या. 3.4 ला खालचा दर, 3.6 ला पूर्ण. आणि 3.5 च्या पावत्या झाडून सगळ्या खालच्या दराच्या! ज्या पेंडीला आणि गायीला आम्ही दोष देत होतो, त्यांचा काही संबंधच नव्हता. दर ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अट, म्हणजे ‘इफ’, हवी होती ‘3.5 किंवा जास्त’. लिहिणाऱ्याने लिहिली ‘3.5 पेक्षा जास्त’. एक बरोबरचं चिन्ह गाळलं, आणि पैसे आमचे कापले.

त्यावर उत्तर काय, तर “कॉम्प्युटरमध्ये दशांशाचं असं होतं.” होतं, पण 3.4 चं, तो द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही, जवळचा आकडा साठवला जातो. 3.5 म्हणजे तीन आणि अर्धा, तो तंतोतंत बसतो. केंद्रावर त्यांच्यासमोर हाताने 3.5 टाकायला लावलं, खालचाच दर आला, तेव्हा बोलणं थांबलं. नंतर गुपचूप ‘अपडेट’ आलं. माफी नाही, मागचा फरक नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, प्रत्येक अट सीमेच्या जरा खाली, नेमक्या सीमेवर आणि जरा वर चालवून बघा. सीमेवरचा आकडा कुठल्या दरात, हे आधी लेखी घ्या. दरांची उतरंड लावताना मोठी अट वर ठेवा, ‘3.0 किंवा जास्त’ आधी आली तर 4.0 चं दूधही तिथेच अडकतं, पुढच्या ‘एल्स इफ’पर्यंत पोचतच नाही. आणि लोकांशी नीट बोला.

दूध घालणाऱ्यांनी पावत्या जपाव्यात. फरक तोंडी मागू नका. तारीख, लिटर, मिळालेला दर आणि मिळायला हवा होता तो दर, असा तक्ता करून द्या आणि पोच घ्या. आम्ही दिला आहे. पोचेवरच्या सहीसाठीही भांडावं लागलं.