जुन्या विमानांची छायाचित्रं विकत घेताना

पहिल्या पिढीतल्या विमानांच्या मूळ छायाचित्रांचा नाद मला जुनाच. नवी हौशी मंडळी विचारतात, "नेमकं काय बघून घ्यायचं?" त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. चित्र फुकट, किंमत कागदाची. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाची काचेची निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तिची उत्तम प्रत कोणालाही डाउनलोड करता येते. तीच काल छापून, जुनाट फ्रेममध्ये घालून कोणी भरमसाट भाव सांगत असेल, तर हात जोडा आणि पुढे चला.

२. निगेटिव्हची कुंडली माहीत हवी. कॅमेरा ऑर्व्हिलने लावून ठेवला होता, रबरी फुगा दाबला जॉन डॅनियल्स यांनी. काच पुढे डेटनच्या घरी धुतली गेली. मार्च १९१३ मध्ये डेटनला महापूर आला, काचा पाण्यात बुडाल्या आणि हिच्या एका कोपऱ्याचा थर सुटला. म्हणून कोपरा बघायचा. तो तुटका असेल तर प्रिंट पुरानंतरची. शाबूत असेल तर एकतर पुराआधीची, नाहीतर कोणीतरी हात फिरवलेली. दुसरीच शक्यता जास्त.

३. खिशात भिंग ठेवा. ठिपक्यांची जाळी दिसली की ते छापखान्याचं काम. खऱ्या प्रिंटमध्ये काळ्याचा करडा होताना छटा सलग उतरते. जुनी जिलेटिन प्रिंट उजेडात तिरपी धरली, की कडेच्या गडद भागावर निळसर रुपेरी झाक दिसते. ती वयाची खूण आहे, पुसायला जाऊ नका. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा झळकला, तर तो साधारण १९५० नंतरचा समजा.

४. आधी पाठ बघा. 'अझो' कागदावरच्या अमेरिकन फोटो-पोस्टकार्डांवर तिकिटाच्या चौकटीत अनेकदा चार त्रिकोण असतात. चारही वर टोक केलेले असतील, तर कार्ड साधारण १९०४ ते १९१८ मधलं. दोन वर, दोन खाली असतील तर त्यानंतरचं. पेन्सिलीचे आकडे, वृत्तसंस्थेचे शिक्के खोडू नका, तोच पुरावा असतो.

५. चित्राखालच्या ओळीवर भरवसा ठेवू नका. लुई ब्लेरिओ २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला आदळतच उतरला. पंखा आणि चाकांचा सांगाडा मोडला. 'डोव्हरला उतरताच' असं लिहिलेल्या चित्रात विमान धडधाकट उभं असेल, तर ती ओळ खोटी. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या कथित विमान-उड्डाणाचा फोटो हमखास मागितला जातो. त्या उड्डाणाचं समकालीन छायाचित्र आजवर पुढे आलेलं नाही. कोणी विकायला आणलं तर पैशाचं पाकीट बाहेर काढू नका.

६. पावसाळा हा खरा शत्रू. दमट हवेत जिलेटिन फ्रेमच्या काचेला चिकटतं, म्हणून दोहोंत जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. पीव्हीसीची पाकिटं, चिकटपट्टी, लॅमिनेशन वर्ज्य. बाहेरच्या भिंतीवर आणि उन्हात टांगू नका.

शेवटी विक्रेत्याला एकच विचारा: ही प्रिंट केव्हा आणि कशावरून काढली? उत्तर मिळालं नाही, तर विमान कितीही नामांकित असो, नव्या छपाईच्या भावापेक्षा रुपयाही जास्त देऊ नका.